आतला टायर परत परत फुटतोय, रुंद टायर घालू का?

पत्र: आमची मागे डबल टायरची सहा चाकी ट्रक आहे. सहाही टायर २३५/८० आर १७, लोड रेंज ई. माल बहुतेक जडच असतो, लोखंड, टाइल्स, कधी एखादं मशीन. मागच्या उजव्या बाजूचा आतला टायर सहा महिन्यांत दोनदा फुटला. एक टायरवाला म्हणतो एक साइज रुंद आणि जास्त प्लायचे घाला, मग बघायलाच नको. दुसरा म्हणतो मागे चार टायर आहेत, वजन वाटलं जातं, मागे साधे किंवा रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) पण चालतील, पैसे पुढच्या दोन टायरवर घाला. सहाच्या सहा एकदम घेणं आम्हाला जमणार नाही. बाहेरचा टायर अजून अर्धा शिल्लक आहे, तोच ठेवून आत फक्त एक नवीन टाकला तर चालेल का? गाडी माझा धाकटा भाऊ चालवतो, म्हणून जास्त काळजी वाटते.

उत्तर: दादा, भाऊ गाडीवर असतो म्हणताय तर आधी सरळ उत्तरं देतो आणि मग कारणं सांगतो. रुंद टायर घालू नका. नुसता जास्त प्लायचा टायर घेऊन तुमचा प्रश्न सुटणार नाही. अर्ध्या झिजलेल्या टायरच्या जोडीला नवा कोरा टायर लावू नका. उजव्या बाजूला रिमोल्ड तर आत्ता अजिबात नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायर विकत घ्यायच्या आधी माल भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या, कारण एकाच जागेचा टायर दोनदा फुटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा टायरचा नसतो, त्या जागेचा असतो, आणि त्या जागेवर कितीही भारी टायर लावला तरी तोही जाणार.

आता तुमच्या टायरच्या बाजूला जे लिहिलंय ते वाचू. साइजच्या पुढे १२०/११७ असे दोन आकडे असतील, हा लोड इंडेक्स. पहिला आकडा टायर एकटा लावला तर किती उचलेल तो, दुसरा जोडीत लावला तर किती उचलेल तो. १२० म्हणजे १४०० किलो आणि ११७ म्हणजे १२८५ किलो. म्हणजे तोच टायर पुढे लावला तर १४०० धरायचा आणि मागे जोडीत लावला तर १२८५ च धरायचा, टायरमागे ११५ किलो कमी. बरेच जण मागचा हिशोब करताना पहिलाच आकडा धरतात, चार गुणिले १४०० म्हणजे ५६०० किलो, आणि खूश होतात. खरा हिशोब चार गुणिले १२८५, म्हणजे ५१४० किलो, आणि त्यात एक्सल, रिम, बॉडी हे सगळं वजन पण आलं, नुसता माल नाही.

जोडीत आकडा कमी का धरतात तर दोन टायर शेजारी असले की वजन दोघांवर कधीच अगदी सारखं पडत नाही. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, खड्डा लागला की क्षणभर एकच टायर सगळं उचलतो, हवा थोडी कमीजास्त असते, झीज कमीजास्त असते. शिवाय दोन टायर जवळजवळ असले की मधे वारा खेळत नाही, गरमी बाहेर पडत नाही. हे सगळं धरून टायर बनवणाऱ्यांनीच तो आकडा कमी ठेवलाय. म्हणून "मागे चार आहेत, वजन वाटलं जातं" हे जे तुम्हाला सांगितलं ते अर्धंच खरं आहे, वाटलं जातं पण सारखं वाटलं जात नाही, आणि टायर फुटतो तो सरासरी वजनाने नाही, त्याच्या स्वतःच्या वाट्याला जे येतं त्याने फुटतो.

आता वजनकाट्याचं. नुसतं पूर्ण गाडीचं वजन घेऊन उपयोग नाही. नेहमी भरता तसाच माल भरा आणि तीन पावत्या घ्या, पुढचा एक्सल वेगळा, मागचा एक्सल वेगळा, आणि काटेवाल्याला विनंती करून जमत असेल तर मागची फक्त उजवी बाजू काट्यावर घेऊन तिसरी, त्यासाठी डावीकडची चाकं काट्याच्या बाहेर सपाट जमिनीवर त्याच लेव्हलला हवीत, नाहीतर आकडा चुकीचा येतो. ही तिसरी पावती तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कोणी घेत नाही. समजा मागचा एक्सल ४७०० किलो आला, ५१४० च्या आत आहे, वाटलं सगळं बरोबर. पण उजवी बाजू २६५० आणि डावी २०५० निघाली तर? एका बाजूच्या दोन टायरची ताकद २५७०. म्हणजे एक्सल पास आणि उजवी जोडी ओव्हरलोड, आणि ती प्रत्येक खेपेला. मशीन एका बाजूला ठेवायची सवय, लोखंडाचे बंडल एका कडेला लावायची सवय, एखादा बसलेला पाटा, यातलं काहीही असू शकतं. तसं निघालं तर टायरवर एक रुपयाही खर्च करायच्या आधी माल भरायची पद्धत बदला आणि पाटे बघून घ्या.

पावतीवर मागच्या एक्सलचा आकडा टायरच्या ताकदीच्या ९० टक्क्यांच्या वर येत असेल तर माझ्या मते तुमचा माल या टायरला जास्त होतोय. कायद्याने चालेल, कागदावर बसेल, पण जड माल रोज वाहणाऱ्या गाडीला थोडी ताकद हाताशी शिल्लक हवी, मी तरी दहा पंधरा टक्के सोडूनच हिशोब करा असं सांगेन. आणि दाराजवळच्या पट्टीवर एक्सलचं जे कमाल वजन लिहिलंय ते याच्यापेक्षा कमी असेल तर तेच शेवटचं. टायर मोठ्या ताकदीचे लावले म्हणून एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि पाटे यांची ताकद वाढत नाही, हे लोक फार सहज विसरतात.

वजन सारखं निघालं तर मग आतल्या टायरचंच काय बिनसलंय ते शोधा. आतला टायर ब्रेक ड्रमला चिकटून असतो, त्याला वारा कमी, गरमी जास्त. त्या चाकाचा ब्रेक थोडा जरी धरत असेल तरी ड्रम तापतो आणि ती गरमी रिममधून टायरच्या बीडपर्यंत, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेपर्यंत जाते. लांबची फेरी झाली की गाडी थांबवून दोन्ही बाजूंच्या हबचं (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला भाग) तापमान गरमी मोजायच्या त्या छोट्या गनने बघा, उजवा डाव्यापेक्षा ठळक जास्त गरम असेल तर ब्रेक आणि बेअरिंग आधी. मग रिम बघा, चीर आहे का, कड वाकलीय का, गंज धरलाय का. मग व्हॉल्व्ह. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून बरेच ड्रायव्हर आतली हवा बघतच नाहीत, बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो त्यामुळे लांबून बघितलं तर आतला बसलेला दिसतच नाही, आणि तो कमी हवेवर पळत पळत आतून भाजून निघतो. फुटल्यावर मग आपण म्हणतो टायर खराब होता. माझा पहिला संशय तुमच्या बाबतीत इथेच आहे, आतल्या हवेवर.

मागच्या दोन्ही वेळी फुटलेले टायर अजून पडून असतील तर ते बघा. साइडवॉलच्या आतल्या बाजूला गोल फिरून काळी भुकटी, सुरकुत्या, रबर वितळल्यासारखं दिसत असेल तर तो कमी हवेवर पळालाय. बाहेरून साइडवॉलवर घासल्याचा गुळगुळीत पट्टा असेल तर दोन टायर एकमेकांना लागतायत. एकाच जागी आरपार चीर आणि बाकी टायर ठणठणीत, तर दगड किंवा लोखंडाचा तुकडा. फुटलेला टायर फेकून देऊ नका, कारण काय झालं ते त्याच्यावरच दिसतं.

रुंद टायर का नको ते आता. जोडीतल्या दोन टायरच्या मधल्या रेषेतलं अंतर रिमने ठरवलेलं असतं, ते तुम्ही टायर बदलून बदलत नाही. टायर १० मिमी रुंद घेतला की दोघांमधली मोकळी जागा १० मिमीने कमी, २० मिमी रुंद घेतला की २० ने कमी. आणि ही जागा बघायची ती रिकाम्या गाडीत नाही, माल भरल्यावर खाली जमिनीजवळ, जिथे दोन्ही टायर पोट सुटल्यासारखे फुगतात. तिथे ते एकमेकांना लागायला लागले की प्रत्येक फेऱ्याला घासणार, घासून तापणार आणि साइडवॉल पातळ होत जाणार. लागले नाहीत तरी जागा अरुंद झाली की दगड अडकून बसतो. शिवाय आतला टायर पाट्याला किंवा चेसिसला लागू शकतो, रुंद टायरला रिमची रुंदी पुरत नाही, असे आणखी दोन चार प्रश्न. प्रत्येक टायरला जोडीत लावायचं कमीत कमी अंतर कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, साइज बदलायचीच वेळ आली तर ते वाचल्याशिवाय आणि रिमचं अंतर मोजल्याशिवाय हो म्हणू नका. तुम्हाला साइज बदलायची गरज नाही, कारण गाडीसोबत आलेली साइज त्या रिमला, त्या अंतराला बसवूनच दिलेली असते.

प्लायचं पण समजून घ्या. १० प्लाय, १२ प्लाय हे आता थरांची मोजणी राहिलेली नाही, रेडियल टायरमध्ये खरे थर कमीच असतात, तो ताकदीचा दर्जा आहे. लोड रेंज ई म्हणजे १० प्लाय रेटिंग. जास्त प्लायचा टायर जास्त वजन उचलतो ते त्यात जास्त हवा भरता येते म्हणून, वजन मुळात हवा उचलते, टायर त्या हवेला धरून ठेवतो. तुमचा ई रेंजचा टायर ते १२८५ किलो ८० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) उचलतो. त्याच साइजचा वरच्या रेंजचा टायर आणून त्यात पण ८० च भरली तर वजन उचलायची ताकद जवळपास तेवढीच राहते, फक्त साइडवॉल कडक होते. आणि जास्त हवा भरायची म्हटली तर तुमची रिम आणि व्हॉल्व्ह तेवढ्या हवेचे आहेत का? रिमवर कमाल वजन आणि बऱ्याचदा कमाल हवा कोरलेली असते, ती बघितल्याशिवाय कोणी ९५ भरायला सांगितली तर भरू देऊ नका.

आता अर्ध्या टायरसोबत नवा लावायचा प्रश्न. हे मी जरा सविस्तर सांगतो कारण पैसे वाचवायच्या नादात सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. जोडीतले दोन्ही टायर एकाच हबवर बोल्टने आवळलेले असतात, एक फेरा याचा म्हणजे एक फेरा त्याचा, कोणी मागे पुढे होऊ शकत नाही. तुमच्या साइजचा टायर साधारण ८०८ मिमी उंच असतो. नव्याची नक्षी समजा १२ मिमी आणि जुन्याची ६ मिमी, तर उंचीत १२ मिमीचा फरक पडला, घेरात जवळपास ३८ मिमी. एका किलोमीटरमध्ये हे चाक सुमारे ३९४ फेरे घेतं, म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ १५ मीटर त्या दोघांतल्या कोणालातरी रस्त्यावर घासत जावं लागतं. शंभर किलोमीटरला दीड किलोमीटर. थोराड बैलाच्या जोडीला पाडा जुंपावा तसं होतं, मोठा टायर वजन अंगावर घेतो आणि तापतो, छोटा नुसता फरफटत जाऊन वेडावाकडा झिजतो, आणि तुमचा नवा टायरच मोठा असणार म्हणजे ओव्हरलोड तोच होणार. तुम्ही म्हणाल आत फक्त एक नवीन टाकतो, तर तो नवीन सुद्धा तिसऱ्यांदा फुटायच्या वाटेवर लागला असंच समजा.

जोडीत उंचीचा फरक तुमच्या मापाच्या टायरला ६ मिमीच्या आत हवा, म्हणजे नक्षीत जेमतेम ३ मिमी. ९.०० आणि त्याहून मोठ्या ट्रक टायरला १३ मिमीपर्यंत चालतं. घेर मोजायचा तर स्टीलच्या टेपने, टायर रिमवर बसवून पूर्ण हवा भरून, नक्षीच्या बरोबर मधोमध. वेगळ्या कंपनीचे दोन टायर एकाच साइजचे असले तरी घेर सारखा असेलच असं नाही, म्हणून नवेकोरे दोन वेगवेगळ्या कंपनीचे घेऊन जोडी जुळवायची असेल तरी मोजूनच. थोडा फरक राहिलाच तर मोठा बाहेर आणि छोटा आत, कारण उतरत्या रस्त्यावर आतल्याला तसंही जास्त वजन येतं. रेडियल आणि नायलॉन (तिरप्या थरांचे) टायर एकत्र करायचे तर विचारच नको, जोडीत काय एका एक्सलवर पण नको.

आणि अजून एक गोष्ट आहे. आतला फुटला तेव्हा बाहेरच्या टायरने काय सोसलं याचा विचार केलात का? त्या बाजूला २३५० किलो असतील तर सगळे त्या एका टायरवर आले, जो एकटा जास्तीत जास्त १४०० उचलायला बनलाय. किती अंतर तसा पळाला कोण जाणे, आणि हे दोनदा झालंय. तो बाहेरून अर्धा शिल्लक दिसला तरी मी त्याला जड मालाखाली परत ठेवणार नाही. अनुभवी फिटरकडून रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या, आणि शंका वाटली तर मोडीत काढा, स्टेपनी म्हणून पण ठेवू नका.

मग पैशाचं गणित कसं बसवायचं? जमत असेल तर मागचे चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकदम घ्या, पुढचे दोन चांगले असतील तर ते राहू द्या, ते नंतर. चार नाहीच जमले तर उजवी जोडी पूर्ण नवी घ्या, दोन टायर, आणि डाव्या जोडीचा घेर मोजा. डावीकडचे फार झिजलेले असतील तर उजवी डावी बाजू वेगळ्या उंचीची होईल आणि डिफरन्शियलला (उजव्या डाव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सरळ रस्त्यावर पण सतत काम पडेल, थोडा फरक तो सहन करतो पण लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरवायला बघणारा, असेल तर तेवढीही सूट घेऊ नका. तशा परिस्थितीत थोडं थांबून चार एकदम घेणं बरं, तोपर्यंत माल कमी भरा. मला माहितीय खेप कमी भरणं परवडत नाही, पण भाऊ गाडीवर आहे.

तुमच्या दुसऱ्या टायरवाल्याचं एक म्हणणं मात्र मला पटतं, पुढचे टायर चांगलेच हवेत. पुढे टायर एकटा असतो, तो फुटला की स्टिअरिंग हातातून जातं, साथीला दुसरा टायर नसतो. पण त्याचा अर्थ मागे काहीही चालेल असा होत नाही. पुढच्या एक्सलचा हिशोब पहिल्या आकड्याने करा, दोन गुणिले १४०० म्हणजे २८०० किलो, आणि पावतीशी ताडून बघा. आणि कोणी स्वस्तात फक्त ट्रेलरसाठी बनवलेले टायर दाखवले तर लोड इंडेक्स कितीही छान दिसला तरी घेऊ नका, ते ओढल्या जाणाऱ्या चाकांसाठी असतात, इंजिनची ताकद लागणाऱ्या किंवा वळणाऱ्या चाकांसाठी नाही. कारचे टायर पण जोडीत नाही चालत.

रिमोल्डला माझा सरसकट विरोध नाही. चांगल्या केसिंगवर, म्हणजे नक्षीखालच्या मूळ टायरवर, नीट केलेलं रिमोल्ड मागच्या एक्सलवर छान चालतं, मोठ्या मोठ्या गाड्या त्यावर पळतात. पण केसिंगचा इतिहास माहीत हवा, कमी हवेवर पळालेला नको, जोडीतले दोन्ही रिमोल्ड आणि सारखेच हवेत, आणि पुढच्या एक्सलवर नको. तुमच्याकडे उजवीकडे टायर का फुटतोय हेच अजून माहीत नाही, म्हणून तिथे नको म्हटलं.

नक्षी बघताना गाडी कुठे जास्त चालते ते बघा. बहुतेक डांबरी, काँक्रीटचा रस्ता आणि साइटवर शेवटचा थोडा कच्चा, असं असेल तर रिब (घेराभर सलग पट्ट्यांची) किंवा मिक्स नक्षी, खांदे म्हणजे कडेचा भाग बंद असलेली, ती थंड चालते आणि सारखी झिजते. कायम चिखल, खडी, खाण असेल तरच मोठ्या ठोकळ्यांची लग नक्षी, कारण हायवेवर ती जास्त तापते, आवाज करते, लवकर झिजते. नुसती दणकट दिसते म्हणून लग घेऊ नका. टायरची तारीख साइडवॉलवर चार आकड्यांत असते, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षांच्या वर पडून राहिलेला टायर मी जड मालासाठी घेणार नाही, आणि चारही साधारण एकाच काळातले मागा. स्टेपनीची तारीख पण आजच बघा, ती न वापरता म्हातारी होते.

आता हवा. टायर कितीही विचार करून घेतला तरी हवेत चुकलात तर सगळं पाण्यात. हवा थंड टायरमध्ये बघायची, सकाळी गाडी निघायच्या आधी. पळून तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते ती काढायची नाही, थंड झाल्यावर ती कमी पडते. हवामान १० अंश सेल्सिअसने गार झालं तर ८० च्या टायरमध्ये साधारण ३ पीएसआय उतरते, म्हणून ऋतू बदलला की परत बघा. किती भरायची ते दाराजवळच्या पट्टीवर आणि टायर कंपनीच्या वजन आणि हवेच्या तक्त्यात असतं, पुढे मागे वेगळी असू शकते, कारण बऱ्याच डबल टायरच्या गाड्यांमध्ये पुढच्या एकेका टायरवर मागच्यापेक्षा जास्त वजन येतं. जोडीतल्या दोघांत ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. हातोडी मारून किंवा लाथ मारून हवा कळत नाही, गेज हवाच, तोही लांब दांड्याचा दोन तोंडांचा, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही व्हॉल्व्हला लागतो.

नवीन टायर बसवताना व्हॉल्व्ह नवीन आणि धातूचे घ्या. गाडीला सर्रास लावतात तो साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, तुम्हाला ८० लागते. आतल्या आणि बाहेरच्या चाकाचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या समोरासमोर, म्हणजे अर्ध्या फेऱ्यावर ठेवायला सांगा, दोन्हीला हात पोचतो. आतल्याला चांगलं धातूचं एक्स्टेन्शन, नीट क्लिप केलेलं, लटकतं ठेवलं तर तेच हलून हलून गळतं. आणि खर्चात थोडी जागा असेल तर हवा दाखवणारे सेन्सर सहाही चाकांना बसवा. माझं मन विचाराल तर भारी ब्रँडच्या टायरसाठी जे जास्तीचे पैसे मोजणार असाल ते मधल्या चांगल्या टायरवर भागवून उरलेले सेन्सरवर घाला. तुमच्या भावाला आतला टायर बसलाय हे चालत्या गाडीत कळणं याच्यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही.

आणि हे भावाला नक्की सांगा, एखादा टायर ठरवलेल्या हवेपेक्षा २० टक्के खाली सापडला, म्हणजे ८० च्या जागी ६४ किंवा कमी, आणि गाडी तशी चाललेली असेल, तर नुसती हवा भरून पुढे निघायचं नाही. आतले स्टीलचे धागे वाकून वाकून तुटलेले असू शकतात आणि हवा भरताना साइडवॉल चेन उघडावी तशी एका रेषेत फाटते, समोर उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. टायर उतरवून आतून बघायचा, आणि परत भरायचा तो टायरवाल्याकडच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब होजने, बाजूला उभं राहून.

बसवताना दोन रिम जिथे एकमेकांना टेकतात तो भाग आणि हबचा भाग गंज, माती, जाड रंग काढून स्वच्छ करून घ्या, नाहीतर तो थर दबला की नट सैल पडतात. नट टॉर्क पान्याने क्रमाने आवळायचे आणि ८० ते १६० किलोमीटर गाडी चालली की परत एकदा टॉर्क तपासायचा.

तीन पावत्या झाल्या, रिमवर कोरलेले आकडे आणि जुन्या टायरच्या आतल्या बाजूचे फोटो जमले, की परत लिहा. डाव्या जोडीचा घेर पण मोजून पाठवा, म्हणजे दोन घ्यायचे की चार ते नक्की सांगता येईल.